फूट-इंच आणि मीटर: गोव्यात नव्याने घर बांधणाऱ्यांसाठी मापांचा हिशेब

गोव्यात जमिनीचा कागद मीटरमध्ये आणि मेस्ताची (सुताराची) टेप इंचात. म्हापशाला प्लॉट बघायला गेलात तर एजंट "तीनशे मीटर आहे" म्हणतो (म्हणायचं असतं चौरस मीटर, पण एवढं लांब कोण बोलतंय). एक-चौदाच्या उताऱ्यावरही (गोव्याचा सातबाराच तो) क्षेत्रफळ हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्येच असतं. मग त्याच प्लॉटवर पाया खणायला घेतला की गवंडी विचारतो, "हॉल दहा बाय चौदा धरू ना?" डिचोली-फोंड्याकडचा माणूस या दोन्हींत वाढलेला असतो, त्याला यात काही खटकत नाही. सिंधुदुर्गातून, कोल्हापुरातून किंवा बेळगावातून इथे येऊन घर करणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो, कारण त्याच्या डोक्यात गुंठा असतो. साइटवर नव्याने लागलेल्या सुपरवायझर पोरांचंही तेच. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हे असं का, ते थोडक्यात. पोर्तुगालने १८५२ च्या हुकुमाने मीटर स्वीकारला. भारतात मेट्रिक पद्धत १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा भारतही मीटरकडेच वळत होता, त्यामुळे जमिनीच्या व्यवहारात फूट कधी नीटसा रुजलाच नाही. बाजाराचं निराळं. प्लाय, पाइप, लाकूड, खिडक्या-दारं यांची बोली फूट-इंचाची आहे आणि ती लवकर जाईल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा दोन्ही शिकून घेतलेलं बरं.

आधी टेप

हार्डवेअरच्या दुकानात पाच मीटरची पोलादी टेप घ्या. तिच्या एका कडेला सेंटीमीटर-मिलिमीटर असतात, दुसऱ्या कडेला इंच. प्रत्येक इंचाच्या आत बारीक रेघा असतात. त्यात मधली सर्वांत लांब रेघ अर्ध्या इंचाची, तिच्याहून आखूड पाव इंचाची, त्याहून आखूड एक सुताची. आठ सूत म्हणजे एक इंच. काही टेपांवर सुताचेही दोन भाग केलेले असतात, म्हणजे इंचाला सोळा रेघा. पहिल्या दिवशी आपल्या टेपवर एका इंचात किती घरं आहेत ते मोजून ठेवा. मेस्त "चार फूट तीन इंच पाच सूत" म्हणाला की बोट थेट त्या रेघेवर गेलं पाहिजे.

टेपच्या टोकाचा आकडा (हूक) थोडा हलतो. टेप खराब आहे समजून त्याचे रिपीट ठोकून घट्ट करणारे लोक मी पाहिलेत. तो मुद्दामच ढिला ठेवलेला असतो. आकडा फळीच्या कडेला अडकवून ओढलात तर तो पुढे सरकतो, टोक भिंतीला टेकवून दाबलंत तर मागे. सरकतो बरोबर स्वतःच्या पत्र्याच्या जाडीएवढा, त्यामुळे दोन्ही वेळा शून्य जागेवरच राहतो. घट्ट केलात की एका बाजूचं प्रत्येक माप सुमारे मिलिमीटरने चुकणार.

शक्य असेल तिथे रूपांतर करूच नका. जे माप मिलिमीटरमध्ये द्यायचं आहे ते टेपच्या मिलिमीटरच्या कडेवरच वाचा. हातात टेप असताना इंचात मोजून मग मोबाइलवर गुणाकार करत बसणं हा वेळेचा अपव्यय. रूपांतर लागतं ते कागदावरचं, फोनवरचं किंवा दुसऱ्या कुणी घेतलेलं माप आपल्या हाती येतं तेव्हा.

पाठ करायचा आकडा एकच: २५.४

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यात "अंदाजे" काही नाही. १९५९ साली इंग्रजी मापं वापरणाऱ्या प्रमुख देशांनी मिळून वार ०.९१४४ मीटरचा ठरवला, त्यातून इंच नेमका २५.४ मिलिमीटर झाला. बाकी सगळं यातूनच निघतं. बारा इंचांचा फूट ३०४.८ मिलिमीटर, तीन फुटांचा वार ९१४.४, एक सूत ३.१७५. मैल १,६०९.३४४ मीटर.

फूट-इंचातून मिलिमीटरकडे जायची रीत अशी. समजा चौकटीचं माप आलं ३ फूट ४ इंच ४ सूत. फुटांचे इंच करा: ३ × १२ = ३६. त्यात ४ मिळवा, ४०. सुतांना आठने भागा: ४ ÷ ८ = ०.५. एकूण ४०.५ इंच. आता एकदाच गुणाकार: ४०.५ × २५.४ = १,०२८.७. फॅब्रिकेटरला सांगायचं १,०२९ मिलिमीटर, किंवा वस्तू भोकात बसवायची असेल तर १,०२८. आत जाणारी वस्तू नेहमी खालच्या आकड्याकडे, तिच्यासाठी ठेवायचं भोक वरच्या आकड्याकडे.

उलट येताना लोक जास्त अडखळतात. समजा अल्युमिनियमवाल्याने १,७५० मिलिमीटर लिहून दिलंय आणि गवंड्याला फूट-इंचात सांगायचंय. १,७५० ÷ २५.४ = ६८.९०. म्हणजे ६८ इंच आणि वर ०.९०. ६८ मध्ये बारा पाच वेळा जातात, ६० वजा केले, उरले ८. म्हणजे ५ फूट ८ इंच. आता ०.९० चे सूत: ०.९० × ८ = ७.२, म्हणजे सात सूत. उत्तर, पाच फूट आठ इंच सात सूत. उलटून ताळा घ्यायला विसरू नका: ६८ × २५.४ = १,७२७.२, त्यात ७ × ३.१७५ = २२.२ मिळवले की १,७४९.४. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक राहिला. चिऱ्याच्या भिंतीला तेवढं चालतं.

पाच पॉइंट सहा म्हणजे पाच फूट सहा इंच नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. फुटाचे बारा भाग असतात आणि कॅल्क्युलेटर दहा भागांनी चालतो. साडेपाच फूट कॅल्क्युलेटरवर ५.५ असं टाकायचं, ५.६ टाकलंत तर ते पाच फूट सव्वासात इंचाच्या आसपास जातं. दाराच्या उंचीत हा इंचभराचा फरक म्हणजे चौकट तासण्याचा उद्योग.

आपल्या बोलीत यावर उपाय तयारच आहे. सव्वापाच फूट म्हणजे ५ फूट ३ इंच, साडेपाच म्हणजे ५ फूट ६ इंच, पावणेसहा म्हणजे ५ फूट ९ इंच. कॅल्क्युलेटरवर हेच ५.२५, ५.५, ५.७५. या तीन जागा पक्क्या झाल्या की मधल्या मापांचा अंदाज चुकत नाही. कुणी ५.६ लिहून पाठवलं तर फोन करून विचारायचं, "पाच फूट सहा इंच की साडेपाचच्या वर?" लाज वाटायचं कारण नाही.

उंचीचा फॉर्म भरतानाही हेच. पाच फूट म्हणजे १५२.४ सेंटीमीटर, पुढे प्रत्येक इंचाला अडीच आणि थोडं. साडेपाच फुटांचा माणूस १६७.६, पावणेसहाचा १७५.३, सहा फुटी १८२.९.

आणि एक सवय. मापासोबत एकक लिहाच. "१२० ची पट्टी आण" असा निरोप गेला की पोरगा एकशेवीस सेंटीमीटरची आणतो, तुम्हाला हवी असते एकशेवीस इंचांची.

हे माप आहे की नाव?

आता मुख्य मुद्दा. बाजारातल्या पुष्कळ वस्तूंच्या अंगावरचा आकडा हे त्यांचं माप नसतंच, ते त्यांचं नाव असतं. नावाला २५.४ ने गुणून काही हाती लागत नाही. म्हणून कॅल्क्युलेटर काढण्याआधी विचारायचं, हा आकडा कुणी टेप लावून घेतलाय की दुकानात चालत आलाय?

"दोन बाय दोन"ची टाइल घ्या. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. खोक्यावर बघा, ६०० × ६०० लिहिलेलं असतं आणि टाइलही तेवढीच असते. ९.६ मिलिमीटर कमी. आता दहा बाय बाराची खोली धरा. गवंडी तोंडी सांगतो, पाच गुणिले सहा, तीस टाइल्स. प्रत्यक्षात दहा फुटांची बाजू ३,०४८ मिलिमीटर. पाच टाइल्सचे ३,००० गेले, जोडांचे दोन-दोन मिलिमीटर धरले तरी भिंतीला साडेतीन-चार सेंटीमीटरची पट्टी उघडी राहते. बारा फुटांच्या बाजूलाही तेच, ३,६५८ मधून ३,६०० गेले. स्कर्टिंगची (भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या टाइलची) जाडी एवढी पट्टी झाकत नाही.

इथे दोन रस्ते आहेत. पट्टी कपाटाखाली किंवा पलंगामागे जाणार असेल तर दोन-तीन टाइल्स जास्त घ्या आणि त्यांच्या पट्ट्या काढून लावा, बत्तीस-तेहतीसमध्ये भागतं. खोली मोकळी असेल, उंबरठ्यातून आत आल्याबरोबर ती पट्टी दिसणार असेल, तर ओळ मधोमध धरायची. दहा फुटांत चार अखंड टाइल्स आणि दोन्ही टोकांना सुमारे ३१९ मिलिमीटरचे तुकडे, बारा फुटांत पाच अखंड आणि दोन तुकडे. तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका टाइलमधून दोन निघत नाहीत. हिशेब जातो सहा गुणिले सात, बेचाळीसवर. तीस आणि बेचाळीस यातला फरक दुकानात कळला तर ठीक, फरशी बसवताना कळला तर काम थांबतं, आणि नंतर आणलेल्या खोक्यांचा रंग आधीच्याशी जुळेलच असं नाही.

खोक्यांचंही तसंच. चार टाइल्सच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल असतो, गवंडी मात्र सोळा धरतो. हजार फुटांच्या घराला त्याच्या हिशेबाने ६३ खोकी, खऱ्या हिशेबाने ६५. त्यावर मोडतोड आणि कापकूप वेगळी.

सळीचा प्रकार याहून गमतीचा. आठ मिलिमीटरला अडीच सूत म्हणतात, दहाला तीन, बाराला चार, सोळाला पाच, वीसला सहा सूत. अडीच सूत खरोखरच ७.९४ मिलिमीटर भरतं, पाच सूत १५.८८, तिथे नाव आणि माप जवळजवळ एकच. पण चार सूत म्हणजे १२.७, आणि सळी असते बाराची. "सात दशांशाने काय होतंय" असं वाटेल, पण सळीचं वजन जाडीच्या वर्गावर चालतं. मीटरला किती किलो हे काढायला जाडीचा वर्ग करून १६२ ने भागतात. बारा मिलिमीटरला ०.८८९ किलो येतात, १२.७ धरलंत तर ०.९९६. बारा टक्के फरक. स्लॅबच्या सळीचं वजन सुताच्या मापाने काढून ऑर्डर दिलीत तर एवढं लोखंड फुकट जास्त. दुकानदार तक्रार करणार नाही. सळीची "चाळीस फुटी" लांबीही नावाचीच, ती बारा मीटर असते, म्हणजे ३९ फूट साडेचार इंच.

प्लायच्या आठ बाय चारच्या शीटवर २,४४० × १,२२० छापलेलं असतं. आठ फूट नेमके २,४३८.४, तेव्हा इथे नाव आणि माप जुळतं. फसवते ती जाडी. पाऊण इंची म्हणतात तो प्लाय अठरा मिलिमीटरचा असतो, पाऊण इंच मात्र १९.०५. कपाटात पाच उभ्या फळ्या असतील तर पाच मिलिमीटरचा फरक साठतो आणि ड्रॉवर घासतात किंवा खुळखुळतात. मेस्ताला खण काढून देताना जाडी मिलिमीटरमध्येच द्या.

पाइपला तर गुणाकार लावूच नये. अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला मेट्रिकमध्ये पंधरा मिलिमीटर म्हणतात, अर्धा इंच होतो १२.७, आणि त्याच पाइपाला बाहेरून व्हर्नियर लावला तर सुमारे २१.३ येतात. हे तिन्ही आकडे बरोबरच आहेत, कारण पहिले दोन नुसती नावं आहेत. प्लॅस्टिकच्या पाइपात पुन्हा प्रत्येक प्रकाराची रीत निराळी. जुन्या पाइपाचा कापलेला तुकडा खिशात घालून दुकानात जा, एल्बो त्यावर चढवून बघा.

नट-बोल्टला हाच नियम. तीन सुती बोल्ट ९.५ मिलिमीटरचा, दहाच्या नटमध्ये तो शिरतोही, पण आटे जुळत नाहीत. दोन फेऱ्या जातो आणि अडतो. पान्याने जोर लावलात की दोन्ही कामातून गेले.

टीव्हीचा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. त्रेचाळीस इंची टीव्ही १०९ सेंटीमीटर रुंद असेल असं धरून कोनाडा ठेवू नका. पडद्याची रुंदी तिरक्या मापाच्या सुमारे ८७ टक्के असते, म्हणजे इथे ९५ सेंटीमीटर, वर कडेची पट्टी. रुंदी खोक्यावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तीच घ्या.

खिडकीची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगतो. गवंडी चार बाय चारचं भोक ठेवतो, म्हणजे १,२१९ मिलिमीटर. फॅब्रिकेटर राउंड फिगर म्हणून १,२०० ची खिडकी करतो, उरलेले एकोणीस मिलिमीटर सिलिकॉनने भरतो आणि निघून जातो. जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस आडवा आला की पाणी नेमकं तिथून आत. दुसरा फॅब्रिकेटर प्लास्टरच्या आधी मोजून १,२१८ ची करतो, मग प्लास्टर चढतं आणि खिडकी बसत नाही. प्लास्टर झाल्यावर, वर-मध्ये-खाली अशी तीन मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि त्यातलं सर्वांत लहान माप त्याला द्यायचं. चिऱ्याच्या बांधकामात तिन्ही सारखी येतील अशी आशा नको.

राउंड फिगर शेवटी, एकदाच

"सहा इंच म्हणजे पंधरा सेंटीमीटर" हे सगळेच म्हणतात. खरं १५.२४. एका पायरीत अडीच मिलिमीटरही फरक नाही. पण जिन्याला वीस पायऱ्या असतील तर सहा इंचांनी चढ होतो ३,०४८ मिलिमीटर आणि पंधरा सेंटीमीटरने ३,०००. अठ्ठेचाळीस मिलिमीटर शेवटच्या पायरीत जमा होतात, ती बाकीच्यांपेक्षा जवळपास दोन इंच उंच होते आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा तिथे ठेचकाळतो. जिना आधी मजल्याच्या पूर्ण उंचीवरून काढा, ती मिलिमीटरमध्ये घ्या, पायऱ्यांच्या संख्येने भागा. पायरी १५२.४ निघाली तर कागदावर १५२.४ च राहू द्या, आणि खुणा करताना प्रत्येक खूण खालच्या जमिनीपासूनच मोजा. आधीच्या खुणेवरून पुढची काढत गेलात की चूक वाढत जाते.

जमीन आणि फ्लॅट

क्षेत्रफळाला लांबीचा गुणक लावायचा नाही. मीटरला ३.२८०८ फूट, पण चौरस मीटरला ३.२८०८ गुणिले ३.२८०८, म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ऐंशी चौरस मीटरचा फ्लॅट ८६१ चौरस फूट. भाव उलटा चालतो. चौरस मीटरला वीस हजार सांगितले तर चौरस फुटाचा भाव काढायला १०.७६४ ने भागा, १,८५८ येतात. पुण्या-कोल्हापूरच्या भावाशी तुलना करताना हा भागाकार करायचा राहून गेला की माणूस "बापरे, फुटाला वीस हजार" म्हणून परत फिरतो.

गुंठेवाल्यांसाठी सोपं आहे. गुंठा ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. उताऱ्यातला आर शंभर चौरस मीटरचा. तेव्हा आर आणि गुंठा जवळजवळ एकच, तीनशे मीटरचा प्लॉट तीन गुंठ्यांना किंचित कमी. बोलण्यात चालेल, खरेदीखतावर चौरस मीटरच.

नकाशावर हद्दीपासून ३ मीटर सोडायचे लिहिले असतील तर ते ९ फूट १० इंच होतात. गवंड्याला "दहा फूट सोड" सांगा, पाच सेंटीमीटर जास्तच सुटतील. "साडेनऊ पुरेत" म्हणालात की गेलात. सहा मीटरचा रस्ता १९ फूट ८ इंच, पण वीस फूट धरून रस्त्याची जागा सोडली तरी बिघडत नाही. कायद्याने जिथे "किमान" आहे तिथे वरच्या फुटाकडे जायचं.

तोंडी हिशेब

फूट ते मीटर: दहा फुटांना तीन मीटर आणि वर पाच सेंटीमीटर. वीस फूट ६ मीटर १० सेंटीमीटर. फरक दोन ते चार मिलिमीटरचा.

मीटर ते फूट: तिप्पट करा, त्याचा दहावा हिस्सा त्यातच मिळवा. १० मीटर म्हणजे ३० आणि ३, ३३ फूट. खरं ३२.८.

मैल ते किलोमीटर: ३, ५, ८, १३, २१, ३४ ही माळ लक्षात ठेवा, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. एक आकडा मैल धरला की पुढचा साधारण त्याचे किलोमीटर. पाच मैल आठ किलोमीटर, तेरा मैल एकवीस. परदेशातून आलेला पाहुणा काणकोणला जाताना मैलात अंतर विचारतो तेव्हा उपयोगी पडतं. गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मधला आकडाही मैलांचाच: पोहणं १.२, सायकल ५६, धावणं १३.१, मिळून ७०.३ मैल, म्हणजे ११३ किलोमीटर.

कापड

नऊवारी म्हणजे नऊ वार, ८.२३ मीटर. दुकानात कापड मीटरने मिळतं, तेव्हा सव्वाआठ मीटर मागायचं. नऊ मीटर मागितलंत तर पाऊण मीटरहून जास्त कापडाचे पैसे उगीच जातात. सहावारी साडेपाच मीटर. शर्टाचा चाळीस नंबर म्हणजे छाती चाळीस इंच, सुमारे १०२ सेंटीमीटर, पण कंपनीगणिक कापणी बदलते, घालून बघणं उत्तम.

समुद्र

मालीम, शापोरा किंवा कुटबणच्या धक्क्यावर काम लागलं तर तिसरीच पद्धत भेटते. समुद्री मैल १,८५२ मीटरचा आहे, रस्त्यावरच्या मैलाहून सुमारे २४३ मीटर मोठा. किनाऱ्यापासून बारा समुद्री मैलांची सागरी हद्द म्हणजे २२.२ किलोमीटर, साधे मैल धरलेत तर १९.३ च येतील. ताशी एक समुद्री मैल म्हणजे एक नॉट. वेधशाळेचा इशारा वाऱ्याला ताशी ४५ ते ५५ किलोमीटर सांगत असेल तर ते साधारण २४ ते ३० नॉट होतात.

पाण्याची खोली मोजायची वाव सहा फुटांची, १.८३ मीटर. दहा वाव पाणी म्हणजे साठ फूट, १८ मीटर २९ सेंटीमीटर. होडीवरचा खोली दाखवणारा सेट फूट, मीटर किंवा वाव, तिन्हींत चालतो, आणि पडद्यावर एककाचं अक्षर इतकं बारीक असतं की पहाटेच्या काळोखात दिसत नाही. "५" दिसलं आणि तुम्ही ते पाच वाव धरलंत, पण सेट मीटरवर असेल तर पाणी जवळपास निम्मंच आहे. फुटांवर असेल तर दीड मीटर, म्हणजे होडी तळाला टेकायच्या बेतात. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपून होड्या पुन्हा बाहेर पडण्याआधी धक्क्याला बांधलेली असतानाच सेट सुरू करा, शिसं लावलेली दोरी सोडून पाणी प्रत्यक्ष मोजा आणि पडद्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. सेट पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की होडीच्या तळाला बसवलेल्या त्याच्या यंत्रापासून, तेही त्याच वेळी कळतं.